गावातली महायुद्धाची पाटी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, रत्नागिरी, रायगड, कोल्हापूर, सांगली या पट्ट्यातल्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धाची पाटी आहे. तिच्याविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात दुसऱ्याचा संदर्भ लागतो तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. आमच्या चावडीच्या भिंतीत इंग्रजी मजकुराची एक जुनी पाटी बसवलेली आहे. ती कसली?

मजकूर साधारण असा असेल: ‘या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले.’ असेल तर ती पहिल्या महायुद्धाची स्मारक पाटी. युद्ध संपल्यावर ब्रिटिश सरकारने जिथून बरीच भरती झाली अशा गावांत या पाट्या लावल्या. देशभर मजकूर जवळपास एकच, बदलतात ते दोन आकडे. चावडी, शाळा, देवळाचं आवार, वेशीजवळचा चौथरा अशा जागी त्या सापडतात. काही ठिकाणी पाटी संगमरवराची आहे, काही ठिकाणी काळ्या दगडाची.

२. मग ही वीरगळच म्हणायची का?

नाही. वीरगळ त्याहून कितीतरी शतकं जुनी असते आणि सहसा तिच्यावर अक्षरं नसतात, चित्रं असतात: खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य. अनेक गावांत वीरगळ आणि महायुद्धाची पाटी एकाच आवारात असतात. दोन्हींची नोंद वेगवेगळी ठेवा.

३. युद्ध १९१८ मध्ये संपलं, मग पाटीवर १९१९ कसं?

११ नोव्हेंबर १९१८ ला शस्त्रसंधी झाली, म्हणजे गोळीबार थांबला. जर्मनीशी तह झाला तो २८ जून १९१९ ला, व्हर्सायला. पाटीवर तहाचं वर्ष धरलं आहे. कोरणाऱ्याची चूक नाही.

४. पाटीवर फक्त आकडा आहे. नावं का नाहीत?

सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि तो विचारताना लोकांच्या आवाजात दुखावलेपण असतं. ते रास्त आहे.

पाट्या ठरावीक साच्याच्या होत्या. गाव बदललं की दोन आकडे बदलायचे, एवढीच सोय त्यात होती. पण हे खेड्यातल्या पाटीपुरतं नव्हतं. इराकमधल्या बसरा इथे मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मेलेल्या आणि ज्यांची कबर माहीत नाही अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचं स्मारक आहे, १९२९ मध्ये उघडलेलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली. साध्या हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणीच्या नावाखाली ‘आणि इतर इतके हिंदी सैनिक’ एवढीच ओळ आली. मराठा पलटणींतले शेकडो जण त्या ‘इतर’मध्ये आहेत.

पहिल्या महायुद्धातल्या मृत सैनिकांची स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने एप्रिल २०२१ मध्ये स्वतःच्याच इतिहासाची चौकशी करून अहवाल काढला. हिंदी, आफ्रिकी, इजिप्शियन सैनिकांचं स्मरण गोऱ्या सैनिकांच्या बरोबरीने झालं नाही, हे त्यात मान्य केलं आणि माफी मागितली. ज्यांचं स्मरण असमान रीतीने झालं असे ४५ ते ५४ हजार, आणि ज्यांचं नाव कुठेच कोरलं गेलं नाही असे किमान लाखाच्या वर, असा त्या अहवालाचा अंदाज आहे.

म्हणजे तुमच्या गावच्या पाटीवरचा आकडा हा त्या मोठ्या हिशेबातला एक तुकडा आहे. चांगली गोष्ट अशी की दगडावर नसलेली पुष्कळ नावं कागदावर आहेत. ती शोधता येतात. रीत प्रश्न ८ मध्ये दिली आहे, आणि माझ्या मते पाटीसाठी गावाने करायच्या कामांत हे पहिलं.

५. आमच्याकडची माणसं लढायला गेली तरी कुठे?

बहुतेक जण मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. काही पॅलेस्टाईन, पूर्व आफ्रिका, फ्रान्स, एडनकडे. तेव्हा मराठ्यांच्या सहा पलटणी होत्या: १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. यांतल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही ‘पूना डिव्हिजन’बरोबर बगदादकडे निघाल्या आणि कूट-अल-अमारा इथे अडकल्या. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांचा वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती पत्करावी लागली.

त्या वेढ्यात आपल्या माणसांचं काय झालं हे घराघरांत सांगितलं जायला हवं. शिधा रोज कमी होत गेला. घोडे आणि खेचरं कापून खायची वेळ आली तेव्हा बहुतेक हिंदी शिपायांनी ते मांस कित्येक आठवडे नाकारलं. भाजीपाला नाही, त्यामुळे हिरड्या सुजून रक्त येणाऱ्या स्कर्व्हीने माणसं खंगली. सुटकेसाठी खालून आलेल्या फौजेची मोठी हानी झाली आणि तरी वेढा उठला नाही. शरणागतीनंतर कैद्यांना वाळवंटातून पायी नेलं, पुढे अनेकांना आजच्या सीरियातल्या रस-अल-ऐनकडे रेल्वेच्या कामाला लावलं. कितीतरी जण वाटेतच मेले. तुमच्या पाटीवरच्या ‘प्राण दिले’ या आकड्यात गोळीने मेलेल्यांइतकेच भुकेने, तापाने आणि कैदेत मेलेले धरलेले असू शकतात.

११७ व्या पलटणीला कूटच्या कामगिरीबद्दल ‘रॉयल’ हा किताब मिळाला. ११४ व्या पलटणीने ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकातच्या लढाईत नाव काढलं.

६. अपशिंगे ‘मिलिटरी’ हे नाव कशामुळे पडलं?

सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. एका गावातून ४६. त्यांच्या स्मरणार्थ ब्रिटिश सरकारने गावात स्मारक उभारलं आणि गावाच्या नावाला ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं. सैन्यात जाण्याची परंपरा तिथे आजही घरोघरी आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतही या गावाने माणसं दिली. गावाचं स्मारक कसं नांदतं असावं, म्हणजे लोक तिथे येत-जात असावेत, मुलांना ते ठाऊक असावं, हे पाहायचं असेल तर अपशिंग्याला जाऊन या.

७. इंग्रजांसाठी लढलेल्यांचं, इंग्रजांनीच लावलेलं स्मारक आपण का जपायचं?

हा प्रश्न खोडसाळपणे क्वचितच येतो. बहुतेक वेळा तरुण मुलं मनापासून विचारतात, म्हणून मनापासूनच उत्तर.

शिपायाला तेव्हा महिना ११ रुपये पगार होता. कोकणात भातशेतीचा तुकडा चार भावांत वाटलेला, माण-खटावकडे पावसाचा भरवसा नाही. घर चालायचं ते मनिऑर्डरवर. गेलेल्यांतल्या फार थोड्यांना साम्राज्याचं काही पडलं असेल. आणि त्या वेळी राजकीय पुढाऱ्यांचीही भूमिका आज वाटते तितकी सरळ नव्हती: टिळकांनी स्वराज्याच्या अटी घालून भरतीला पाठिंबा देऊ केला होता, गांधीजी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात भरतीसाठी हिंडत होते.

ज्या सातारा जिल्ह्याने इतके शिपाई दिले त्याच जिल्ह्यात १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. एकाच घरात एक भाऊ पलटणीत आणि दुसरा भूमिगत, असंही झालं आहे. पाटी फोडून यातलं काही बदलत नाही, फक्त घरच्या माणसाची शेवटची खूण जाते. शेजारी एक मराठी फलक लावा आणि ही सगळी हकिकत त्यावर लिहा. माझं स्पष्ट मत हेच आहे.

८. मेलेल्यांची नावं शोधायची कशी?

सुरुवात कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावरून करा. त्यांची मृतांची यादी सर्वांना फुकट शोधता येते. नाव, पलटण, शिपाई क्रमांक, मृत्यूची तारीख आणि स्मारकाचं नाव तिथे मिळतं. हिंदी सैनिकांच्या बऱ्याच नोंदींत पुढे आणखी एक ओळ असते: अमक्याचा मुलगा, गाव अमुक, तालुका, जिल्हा, मुंबई. ही ओळ म्हणजे घरचा पत्ता. तीच आपल्या कामाची.

म्हणून माणसाच्या नावाने न शोधता गावाच्या नावाने शोधा. ‘अधिक माहिती’च्या रकान्यात गावाचं नाव टाका, मग तालुक्याचं, मग जिल्ह्याचं. जिल्ह्याने शोधलं तर शेकडो नावं येतील. ती उतरवून घ्या आणि गावात बसून वाचा. वयस्कर माणसाला गावाचं बिघडलेलं स्पेलिंगही कानावर पडताच ओळखता येतं. हे काम दोघांनी मिळून करावं, एकाने पडद्यावर वाचावं, दुसऱ्याने वहीत लिहावं. मूळ नोंदवहीच्या पानाची प्रतिमा दिलेली असेल तर तीही उतरवून ठेवा, कारण टंकलेल्या नोंदीत चुका असतात.

ही यादी पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातल्या मृतांचीच आहे. जिवंत परतलेले इथे सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी प्रश्न ११.

९. नाव खात्रीने माहीत आहे, तरी यादीत येत नाही. का?

दहापैकी नऊ वेळा स्पेलिंग. लिहून घेणारा कारकून ऐकेल तसं लिहायचा. शिंदे हे आडनाव ‘एस-एच’ने, नुसत्या ‘एस’ने, आणि शेवटी ‘ई’ऐवजी ‘आय-ए’ लावूनही लिहिलेलं मिळतं. पवारचं पोवार, जाधवचं जाधाओ, चव्हाणचं चौवान, सावंतमध्ये ‘डब्ल्यू’ की ‘व्ही’ याचा नेम नाही. गणपतच्या शेवटी कधी ‘टी’, कधी ‘टी-एच’, कधी ‘राव’ जोडलेलं. काही नोंदींत आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव.

पलटण माहीत असेल तर तिच्यावरून यादी आखूड करा, मग नावाची पहिली दोन-तीन अक्षरंच टाका. घरात कोणाकडे शिपाई क्रमांक असेल (कुठे असू शकतो ते प्रश्न ११ मध्ये) तर सोन्याहून पिवळं.

१०. गाव सांगली जिल्ह्यात आहे, पण नोंदीत सातारा लिहिलंय. माणूस आमचाच का?

बहुधा हो. तेव्हा आजचा सांगली जिल्हा नव्हता. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला, त्याला १९६० मध्ये सांगली नाव मिळालं. तसंच सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीचा भाग होता आणि रायगडचं नाव कुलाबा होतं. माणगाव, महाड, पोलादपूरची माणसं कुलाब्याखाली पाहा. संस्थानी मुलूख आणखी वेगळा: आटपाडी औंध संस्थानात, भोर भोर संस्थानात, आणि सावंतवाडी, फलटण, जत, कोल्हापूर ही आपापली संस्थानं. तिथल्या माणसाच्या पत्त्यात कधी संस्थानाचं नाव येतं, कधी शेजारच्या इंग्रजी जिल्ह्याचं.

११. आमचे पणजोबा युद्धावरून जिवंत परत आले. त्यांचा पुरावा कुठे मिळेल?

हे मृतांपेक्षा अवघड आहे. पाटीवरच्या ‘गेले’ या आकड्यात ते आहेत, पण परतलेल्या साध्या शिपायांची एका जागी शोधता येईल अशी यादी आपल्याकडे नाही. शोध घरातूनच सुरू करावा लागतो.

पेटी उघडा आणि पदक आहे का बघा. पहिल्या युद्धातलं चांदीचं गोल पदक असेल तर एका बाजूला राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला घोडेस्वार, शेजारी १९१४ आणि १९१८. ते सपाट धरू नका, उभं धरा आणि नाण्याची कड पाहतात तशी कड बघा. तिथे बारीक इंग्रजी अक्षरांत शिपाई क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. भिंग लागेल. क्रमांक मिळाला की पलटण मिळाली. हेच पदक चांदीऐवजी काशाचं असेल तर माणूस बहुधा मजूर पथकात किंवा तत्सम कामावर होता. तोही युद्धावरच गेला होता. त्याला कमी लेखू नका.

पुष्कळ घरांत अडीनडीला पदक सोनाराकडे गेलं आणि वितळलं. मग उरतात पेन्शनचे कागद, जमिनीच्या नोंदी, शाळेच्या दाखल्यावर ‘बापाचा धंदा: पलटणीत नोकरी’ अशी ओळ, कुलदैवताच्या देवळातल्या पायरीवर किंवा घंटेवर कोरलेलं नाव. परतलेले शिपाई नवस फेडायला घंटा बांधायचे. देवळातल्या घंटा जरूर वाचा.

पलटण कळल्यावर ती आज कोणत्या नावाने आहे ते पाहावं लागतं. १९२२ मध्ये मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये आल्या: १०३ पहिली, १०५ दुसरी, ११० तिसरी, ११६ चौथी, ११७ पाचवी, आणि ११४ ही दहावी, म्हणजे प्रशिक्षणाची. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. क्रमांक हाती असल्याशिवाय तिथे पत्र लिहून फारसा उपयोग होत नाही.

१२. घरात ताटलीएवढी जड गोल थाळी आहे, त्यावर बाई आणि सिंह आहे. ती कसली?

ती कोणीतरी मेल्याची खूण आहे. पहिल्या युद्धात मेलेल्याच्या वारसाला ब्रिटिश सरकारने काशाची, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची थाळी दिली. ब्रिटानिया आणि सिंह, आणि उजवीकडे चौकटीत मृताचं नाव. हुद्दा मुद्दाम घातलेला नसतो, जनरल असो की शिपाई, थाळी सारखीच. चिंच लावून घासू नका, चकचकीत करण्याच्या नादात अक्षरांचा उठाव जातो. नाव वाचा आणि प्रश्न ८ च्या यादीत शोधा.

१३. पणजोबा पलटणीत नव्हते, बोटीवर होते. त्यांची नोंद कुठे?

कोकणातल्या खलाशांना लोक विसरतात. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये दोन हजारांहून अधिक हिंदी दर्यावर्दींचं स्मारक आहे, पहिल्या युद्धात मेलेल्यांचं. दुसऱ्या युद्धातल्यांचं स्मारकही तिथेच आहे. दोन्हींची नावं प्रश्न ८ च्या यादीत शोधता येतात, फक्त पलटणीऐवजी जहाजाचं नाव टाकायचं.

१४. दुसऱ्या महायुद्धाची अशी पाटी का दिसत नाही?

गावोगाव एकसारख्या पाट्या लावण्याचं काम तेव्हा झालं नाही. युद्ध १९४५ मध्ये संपलं आणि दोन वर्षांत राज्यच बदललं. या युद्धात २५ लाख हिंदी सैनिक होते, ८७ हजार मेले.

जी स्मारकं आहेत ती लोकांच्या आग्रहाने झाली. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत वरच्या तिबेर खोऱ्यात लढले. तुकडीतले सगळे पडले किंवा जखमी झाले, तरी ते एकटे मशिनगनच्या ठाण्यावर धावून गेले, ठाणं घेतलं आणि तिथेच शत्रूच्या गोळीने पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने या छोट्या डोंगरी गावानेही त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. आपल्या नाईकाची आठवण इतक्या दूरचं गाव ठेवतं, हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेले दुसरे निमजचे नामदेव जाधव. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर त्यांनी जखमी साथीदारांना पाठीवरून नदीपार आणलं आणि परत जाऊन ठाणी उद्ध्वस्त केली. ते जिवंत परतले.

१५. १९४७ नंतरच्या जवानांची नावं कुठे तपासायची?

दिल्लीत इंडिया गेटजवळ राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे, २५ फेब्रुवारी २०१९ ला खुलं झालेलं. त्याच्या त्यागचक्रात २५ हजारांहून अधिक नावं आहेत आणि ती ऑनलाइनही शोधता येतात. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तालुकावार माहिती विचारा.

१६. नावं सापडली. ती मूळ पाटीवरच कोरून घेऊ का?

नको. कृपा करून नको. मूळ पाटी आहे तशी ठेवा, आकड्यासकट, इंग्रजीसकट. नावं शेजारी नव्या दगडावर कोरा, मराठीत. जुन्या संगमरवरावर छिन्नी लावली की तो तडकतो, आणि जुनं-नवं एकत्र झालं की पुढच्या पिढीला कोणतं कधीचं ते कळत नाही. नव्या पाटीवर नाव, बापाचं नाव, पलटण, मृत्यूची तारीख आणि ठिकाण एवढं पुरे. हुद्द्याप्रमाणे क्रम लावू नका, मृत्यूच्या तारखेप्रमाणे लावा. जीर्णोद्धार करणाऱ्यांची आणि उद्घाटन करणाऱ्यांची नावं लिहायचीच असतील तर वेगळ्या, छोट्या फलकावर. जवानांच्या नावांपेक्षा मोठ्या अक्षरांत आमदारांचं नाव असलेली पाटी बघवत नाही.

१७. नव्या पाटीवर कोणाचं नाव घालायचं? आजारपणात मेलेला, प्रशिक्षणात मेलेला, सीआरपीएफचा जवान, आझाद हिंद सेनेतला?

सरकारी नियम प्रत्येक यादीचे वेगळे आहेत. गावाच्या पाटीचा नियम गावाने ग्रामसभेत ठरवायचा असतो, आणि नावं हाती येण्याआधी ठरवायचा. नावं आल्यावर नियम ठरवला की भांडण होतंच.

माझं मत असं. नोकरीत असताना मेलेल्या प्रत्येकाचं नाव घालावं, मग तो गोळीने मेला की तापाने. १९१८ च्या साथीत आणि मेसोपोटेमियात रोगांनी इतके शिपाई गेले की आजारपण वगळलं तर निम्मी पाटी कोरी राहील. पाचव्या प्रश्नातले कूटचे कैदी तर हमखास वगळले जातील. सीआरपीएफ, बीएसएफ, पोलीस यांची नावं दलाच्या उल्लेखासह घालावीत. आझाद हिंद सेनेतल्या माणसाचं नाव त्याच पाटीवर असावं, सेनेचं नाव स्पष्ट लिहून. तो आणि ब्रिटिश हिंदी सैन्यातला त्याचा शेजारी कदाचित एकमेकांसमोर उभे राहिले असतील, तरी दोघंही त्याच वेशीतून बाहेर पडले होते.

निवृत्त होऊन घरी वारलेल्या सैनिकांसाठी पाटीपेक्षा शाळेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदवही ठेवावी. ती वाढवत नेता येते.

१८. आमच्या वाडीतल्या महार सैनिकांचा उल्लेख कुठेच का सापडत नाही?

मुंबई लष्करात महारांची मोठी परंपरा होती, पण १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद केली गेली. महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि १९२१ मध्ये मोडलीही. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावला उभी राहिली. त्यामुळे पहिल्या युद्धासाठी १११ वी पलटण आणि मजूर पथकं, दोन्ही तपासा. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर दिसतात तशी ‘-नाक’ शेवट असलेली नावं त्या शेवटासह आणि त्याशिवाय, दोन्ही तऱ्हेने शोधा. पाटी गावठाणात आणि वस्ती बाहेर, म्हणून कोणाची नावं सुटत असतील तर शोध घेणाऱ्यांनी स्वतः वस्तीत जाऊन विचारावं.

१९. पाटीवर ऑइलपेंट आणि चुन्याचे थर आहेत. साफ कशी करू?

साधं पाणी आणि मऊ ब्रश, बस. ॲसिड अजिबात नको. संगमरवर ॲसिडमध्ये विरघळतो, फेस येतो तो मळाचा नसतो, दगडाचा असतो. तारेचा ब्रश, ग्राइंडर, वॉशिंग पावडर हेही नको. चुन्याचे थर ओले करून बांबूच्या चपट्या कामटीने हळूहळू निघतात. ऑइलपेंटला हात लावू नका, पुरातन दगडाचं काम जाणणाऱ्या माणसाला दाखवा. कडेच्या भेगा सिमेंटने बुजवू नका, चुन्याने बुजवा. सिमेंट दगडापेक्षा कडक होतं आणि त्यातले क्षार दगडात उतरतात.

२०. अक्षरं झिजलीत, वाचता येत नाहीत.

दुपारी वाचू नका. अंधार पडल्यावर जा, टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून एका बाजूने तिरका धरा. समोरून उजेड पडला की अक्षर सपाट दिसतं. बाजूने पडला की खोलगट भागात सावली बसते आणि आकडा उभा राहतो. टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून असा फिरवत प्रत्येक वेळी फोटो काढा. ३ आणि ८, १ आणि ७ यांत गफलत होते, म्हणून आकड्याचे जवळून वेगळे फोटो घ्या. खडू किंवा पीठ चोळू नका.

२१. रस्ता रुंदीकरणात चावडी पाडणार आहेत. पाटीचं काय करायचं?

पाडकामाच्या आधी ग्रामसभेचा ठराव करून घ्या: पाटी कुठे हलवायची, कोण काढणार, कोणाच्या ताब्यात राहणार. ठरावाची प्रत तहसीलदार आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला द्या. जागेवरचे फोटो आणि मोजमापं घ्या. काढताना भिंत फोडायची, पाटी उपटायची नाही. पाटी निघाली की त्याच दिवशी कुलूपबंद खोलीत उभी ठेवा, आडवी नको. ‘तात्पुरती’ म्हणून अंगणात ठेवलेल्या पाट्याच पुढे पायरीचा दगड होतात.

२२. भंगारवाला किंवा संग्राहक विकत मागतोय. विकता येते का?

नाही. एक तर ती कोणा एकाची नाही. दुसरं, १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुना कोरीव लेख पुरावशेष ठरतो. अशा वस्तूचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाही. पाटी गायब झाली तर पोलिसांत तक्रार द्या. त्यासाठी आधीच फोटो काढून ठेवलेले असले पाहिजेत.

२३. कार्यक्रम कोणत्या दिवशी घ्यावा? पाटीवर तिरंगा गुंडाळून अनावरण केलं तर चालेल का?

तिरंगा नको. ध्वजसंहितेनुसार स्मारक किंवा पुतळा झाकायला राष्ट्रध्वज वापरता येत नाही, साधं कापड वापरा. ध्वज अर्ध्यावर उतरवायचा निर्णयही गाव स्वतः घेऊ शकत नाही. दिवस म्हणाल तर पहिल्या महायुद्धासाठी ११ नोव्हेंबर योग्य. सगळ्या युद्धांतल्या जवानांसाठी ७ डिसेंबर, सशस्त्र सेना ध्वजदिन. कूटचा वेढा सुरू झाला ती तारीखही योगायोगाने हीच. वीरपत्नी आणि वीरमातांना पुढच्या रांगेत बसवा आणि नावं शाळेतल्या मुलांना वाचू द्या.

२४. पाटीवर मेलेले नऊ आहेत, यादीत मात्र बारा सापडले. कोण चूक?

कदाचित कोणीच नाही. पाटीचा आकडा गावातून कळवलेला. यादी १९२१ च्या ऑगस्टपर्यंतची, त्यामुळे पाटी झाल्यानंतर मेलेला त्यात येतो. वाड्यांचा हिशेब काही वेळा मूळ गावात धरला, काही वेळा नाही. एखादा भरतीच्या वेळी मामाच्या गावी होता आणि त्याने तोच पत्ता दिला. उलटही होतं, पाटीवर नऊ आणि यादीत सहाच. नव्या पाटीवर सापडलेली नावं द्या आणि खाली लिहा की मूळ पाटीत अमुक आकडा आहे, शोध चालू आहे. आकडा जुळवण्यासाठी शंकास्पद नाव घुसवू नका, सापडलेलं वगळूही नका.

२५. एकच नाव, आणि दोन घरं म्हणतात तो आमचाच पणजोबा. काय करायचं?

आधी बापाचं नाव पाहा, नोंदीत बहुधा असतं. ते दोन्हीकडे एकच निघालं तर भाट, हेळवी किंवा तीर्थक्षेत्रातल्या उपाध्यायांच्या वहीतली वंशावळ तपासा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या वह्यांत पिढ्यान् पिढ्यांची नावं असतात. पदक किंवा थाळी कोणाकडे आहे तेही विचारा, कडेवरचा क्रमांक नोंदीतल्या क्रमांकाशी जुळला तर वाद संपला. तरीही निकाल लागला नाही तर नोंदीत आहे तसं नाव कोरा, घराचा उल्लेख करू नका, आणि ११ नोव्हेंबरला हार घालायला दोन्ही घरांना बोलवा.